पहिली सुलोचना : रूबी मायर्स

सुलोचना हे नाव उच्चारले की आपल्या घरांतून दोन चेहरे डोळ्यांसमोर येतात. एक सुलोचनादीदी लाटकर, मराठी आणि हिंदी पडद्यावरची सोशिक, प्रेमळ आई. दुसऱ्या सुलोचना चव्हाण, त्यांची लावणी अजून आपल्या कार्यक्रमांतून वाजते. दीदींचा जन्म तर इथल्या सीमाभागातला, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातल्या खडकलाट गावचा, १९२८ सालचा. त्या साली मुंबईत आणखी एक सुलोचना होती आणि तिचे नाव साऱ्या हिंदुस्थानातल्या सिनेमा थिएटरांवर झळकत होते. ही पहिली सुलोचना आज बहुतेकांना माहीत नाही. जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘सुलोचना’ असे वाचून अनेक जण ती दीदीच समजतात. या पहिल्या सुलोचनेचे खरे नाव रूबी मायर्स. त्यांची हकीगत यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहावी असे वाटले, कारण तिच्यात भाषेचा एक प्रश्न आहे आणि तो आपल्यासारख्या, मुलखाबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना परका नाही.

रूबी मायर्स यांचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. घराणे बगदादी ज्यू. आपल्याकडे ज्यू म्हटले की कोकणातले बेने इस्राएल आठवतात. त्यांना गावाकडे शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. ते शतकानुशतके कोकणात राहिले आणि त्यांची घरची भाषा मराठीच झाली. बगदादी ज्यू त्यांच्या मानाने फार उशिरा, व्यापाराच्या निमित्ताने इराक आणि आसपासच्या मुलखांतून मुंबईकडे आले. डेव्हिड ससून हे त्यांच्यातले सर्वांत मोठे नाव. पुण्याचे ससून रुग्णालय आणि कॅम्पातले लाल देऊळ ही त्या घराण्याच्या दातृत्वाची आजही उभी असलेली खूण. या समाजाने मुंबई-पुण्यात आल्यावर पुढच्या पिढ्यांत इंग्रजी जवळ केली. रूबी अशा वातावरणात वाढल्या. दिसायला गोऱ्या, डोळे पिंगट, बोलणे इंग्रजी.

तरुणपणी त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करीत होत्या. त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या मुलीला नंबर सांगायचा. ती समोरच्या फळीवर तार खोचून जोडणी करून देई. स्पष्ट आवाज आणि नीट इंग्रजी ही या कामाची पात्रता. त्यामुळे अँग्लो-इंडियन, ज्यू आणि पारशी मुली या नोकरीत दिसत. हिंदू किंवा मुसलमान घरातली मुलगी कचेरीत जाऊन नोकरी करते ही गोष्टच तेव्हा दुर्मीळ होती, मग सिनेमात जाणे तर दूरच राहिले.

सिनेमा आणि बाई यांचे नाते त्या काळी कसे होते, हे दादासाहेब फाळक्यांच्या अनुभवावरून कळते. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी लागला. त्यातल्या तारामतीच्या भूमिकेसाठी दादासाहेबांना बाई मिळाली नाही. अखेर एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे ‘लंकादहन’ मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. दादासाहेबांच्या दुसऱ्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. कमलाबाई म्हणजे नंतरच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. तरीही पुढची दहा-बारा वर्षे घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतून मुली सिनेमाकडे फिरकल्या नाहीत. ही जागा बऱ्याच अंशी अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी भरून काढली. पडद्यावर त्यांची नावे हिंदू असत. सीतादेवी म्हणून गाजलेल्या नटीचे मूळ नाव रेनी स्मिथ होते. पडद्यावर सावित्री-दमयंती पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकाला त्या नटीचे खरे नाव ठाऊक नसे.

कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी हे युरोपात शिकून आलेले. त्यांनी रूबींना पाहिले आणि चित्रपटात काम करण्याविषयी विचारले. रूबींनी नकार दिला. सरळ नोकरी करणाऱ्या मुलीने नटी व्हायचे म्हणजे नाव घालवायचे, हा समज ज्यूंच्या घरातही होताच. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि शेवटी त्या तयार झाल्या. अभिनयाचा त्यांना काही अनुभव नव्हता. १९२५ साली ‘वीर बाला’ हा त्यांचा चित्रपट आला आणि रूबी मायर्सची सुलोचना झाली. सुंदर डोळ्यांची, असा त्या शब्दाचा अर्थ. नाव शोभले आणि चिकटले.

इथे मूकपटाचे काम कसे चाले ते थोडे सांगायला हवे, म्हणजे पुढची गोष्ट नीट समजेल. कॅमेरा हाताने फिरवायचा. चित्रण बहुतेक सूर्यप्रकाशात. आवाज नोंदवायचा प्रश्नच नसल्याने दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा राहून मोठ्याने सूचना देई : डावीकडे बघ, आता दचक, आता रड. नटांनी कोणत्या भाषेत ओठ हलवले याला महत्त्व नव्हते. कथानक कळावे म्हणून मधूनमधून लिहिलेल्या पाट्या येत. एकाच पाटीवर इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी अशा दोन-तीन लिप्यांत मजकूर असे. थिएटरात पडद्याजवळ पेटी-तबला वाजे. पुष्कळ ठिकाणी एखादा माणूस उभा राहून पाट्या मोठ्याने वाचून दाखवी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यांनाही गोष्ट समजे.

याचा परिणाम असा, की चित्रपटाला भाषेची वेस नव्हती. मुंबईत तयार झालेला एकच मूकपट पाट्या बदलून लाहोरला चाले आणि मद्रासलाही. आपल्या पणज्या-आज्यांनी बडोद्याला, इंदूरला, हैदराबादला किंवा बेळगावला जो मूकपट पाहिला असेल, तोच शेजारच्या गुजराती, हिंदी, तेलुगू वा कानडी कुटुंबाने त्याच बाकावर बसून पाहिला. अशा काळात इंग्रजी बोलणारी एक ज्यू मुलगी साऱ्या देशाची आवडती नायिका होऊ शकली. तिची मातृभाषा कोणती हे पडद्याने कुणाला विचारू दिले नाही.

सुलोचनाबाईंच्या भूमिकाही वेगळ्या होत्या. त्याआधीच्या नायिका बहुतेक पुराणातल्या. सुलोचनाबाई पडद्यावर आल्या त्या आजच्या मुली म्हणून. चंदूलाल शहांचा ‘टायपिस्ट गर्ल’ १९२६ सालचा. त्यात त्यांच्याबरोबर गोहर होत्या. ‘टेलिफोन गर्ल’ त्याच सुमाराचा. जी नोकरी सोडून त्या सिनेमात आल्या, तीच नोकरी करणारी मुलगी आता पडद्यावर कथेचा विषय झाली. बाई घराबाहेर पडून कमावते, हे दृश्य शहरांतल्या प्रेक्षकांना नवे होते. कुणाला ते आवडे, कुणाला खटके, पण तिकीट सगळे काढीत.

१९२७ साली भवनानींनी त्यांना घेऊन ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ काढला. गुजरातीत त्याचे नाव ‘मुंबई नी बिलाडी’. या एका चित्रपटात सुलोचनाबाईंनी आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, रस्त्यावरचा उनाड पोरगा होता, केळी विकणारी होती, सोनेरी केसांची युरोपियन बाई होती आणि एक हैदराबादी गृहस्थही होता. चौदा वर्षांपूर्वी पुरुषाला तारामती व्हावे लागले होते. आता एक बाई पडद्यावर पोलीस आणि हैदराबादी साहेब होऊन वावरत होती. केवढा हा फरक, आणि तोही एवढ्या थोड्या वर्षांत.

त्याच वर्षी नवल गांधींचा ‘बलिदान’ आला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘विसर्जन’ या नाटकावर तो आधारलेला होता. देवीपुढच्या पशुबळीच्या प्रथेचा प्रश्न त्यात होता. सुलोचनाबाईंसोबत त्यात जुबेदा आणि मास्टर विठ्ठल होते. सरकारने चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. हिंदुस्थानी चित्रपट गंभीर विषयातही विलायती चित्रपटांच्या तोडीचा होऊ शकतो याचा दाखला म्हणून त्या समितीपुढे जे चित्रपट आले, त्यांत ‘बलिदान’ होता.

तोवर सुलोचनाबाई आर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत आल्या होत्या. १९२८ साली तिथे एक शर्यत झाली. लाहोरच्या एका मोठ्या कंपनीने सलीम-अनारकलीच्या कथेवर भव्य चित्रपट काढायला घेतला होता. नायिका सीतादेवी. इंपीरियलने तोच विषय उचलला, घाईघाईने चित्रण पुरे केले आणि सुलोचनाबाईंची ‘अनारकली’ आधी पडद्यावर आणली. ती प्रचंड चालली. लाहोरवाल्यांचा चित्रपट नंतर आला तेव्हा लोकांच्या मनात अनारकली ठरून गेली होती. त्याच सुमारास ‘माधुरी’ आणि पुढच्या वर्षी ‘इंदिरा बी.ए.’ असे चित्रपट लागोपाठ गाजले. ‘माधुरी’तले त्यांचे एक नृत्य इतके लोकप्रिय झाले, की महात्मा गांधींच्या हस्ते खादी प्रदर्शनाचे उद्घाटन झाल्याची छोटी फिल्म दाखवताना तिला हे नृत्य ध्वनीची जोड देऊन चिकटवले गेले. बोलपट यायच्या आधीच सुलोचनेच्या चित्राला अशा रीतीने आवाज मिळाला. आवाज मात्र तिचा नव्हता.

इंपीरियलमध्ये त्या देशातल्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटी झाल्या. महिना पाच हजार रुपये. मुंबईच्या गव्हर्नरलाही एवढा पगार नाही, असे तेव्हा बोलले जाई. हा आकडा त्या काळाच्या हिशेबाने पाहावा. अनेक नामांकित नट तेव्हा महिना शे-दोनशेवर समाधान मानीत. कंपन्यांत नटनट्या पगारी असत, आजच्यासारखे चित्रपटागणिक मानधन नसे. महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा आणि कंपनी सांगेल ते काम करायचे. त्या पगारी माणसांत सर्वांत वरचा आकडा एका बाईच्या नावापुढे होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग १४ मार्च १९३१ उजाडला. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला, देशातला पहिला बोलपट. तो काढला इंपीरियलनेच, म्हणजे सुलोचनाबाईंच्या स्वतःच्या कंपनीने. कंपनीची पहिल्या क्रमांकाची नायिका असूनही त्यात त्या नव्हत्या. भूमिका जुबेदांना मिळाली. कारण उघड होते. सुलोचनाबाईंना हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हते. जुबेदा या सचिनचे नवाब आणि फातमा बेगम यांच्या कन्या. उर्दू त्यांच्या घरची. फातमा बेगम स्वतः चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई. जुबेदा पुढे हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात गेल्या. ‘आलम आरा’चे नायक मात्र आपले मास्टर विठ्ठल. मूकपटातला हा तलवारबहाद्दर नट मराठी मुलखातला, त्यांचीही अडचण सुलोचनाबाईंसारखीच. हिंदुस्थानी उच्चार जमेनात म्हणून त्यांच्या तोंडी संवाद कमी ठेवले आणि नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवले. पुढे हिंदी बोलपटात त्यांचे ते स्थान राहिले नाही. ते मराठी चित्रपटांत काम करीत राहिले.

बोलपटाने सिनेमाला आवाज दिला आणि सिनेमाची भाषावार वाटणीही केली. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, दुर्गाबाई खोटे मराठीत बोलू लागल्या आणि मराठी माणसाला आपला सिनेमा मिळाला. हा आनंद मोठाच होता. पण त्याच वेळी कुणाचा उच्चार शुद्ध, कुणाचा परका, कोण आपला आणि कोण बाहेरचा, हे पहिल्याच वाक्यात कळू लागले. आपण मंडळी हे चांगले जाणतो. पुण्याचे नातेवाईक आपले मराठी ऐकून गालात हसतात, त्यात हिंदी, गुजराती किंवा कानडीचा हेल सापडतो. आणि इथल्या बाजारात, कचेरीत आपल्या हिंदी-कानडीत लोकांना मराठी सापडते. तोंड उघडेपर्यंत माणूस कुठलाच नसतो. रूबी मायर्स यांच्यावर हीच वेळ आली, आणि ती आली कीर्तीच्या शिखरावर असताना, वयाच्या चोविसाव्या वर्षी. ज्या मुलीने आवाजाच्या जोरावर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी मिळवली, तिला आता आवाजामुळेच घरी बसावे लागले.

त्यांनी काय केले? त्यांनी सुमारे एक वर्ष बाजूला काढले आणि हिंदुस्थानी शिकल्या. एवढ्या पगाराच्या, एवढ्या नावाच्या नटीने पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करायची, उच्चार घोटायचे, संवाद पाठ करायचे, ही सोपी गोष्ट नव्हती. तिच्यासारख्या कितीतरी मूकपटातल्या नट्या त्या दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सुलोचनाबाई १९३२ साली परत आल्या त्या ‘माधुरी’ घेऊनच. १९२८ चा तोच मूकपट आता बोलपट होऊन आला. आणि त्यात त्यांच्याबरोबर कोण होते? पंडित विनायकराव पटवर्धन, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत नाव मिळवलेले गायक. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी आणि पुण्यात गायन-विद्यालय काढणारे मराठी गवई, दोघेही हिंदुस्थानी बोलपटात एकत्र आले.

‘माधुरी’ चालला आणि सुलोचनाबाईंनी आपले एकेक जुने यश परत मिळवायला सुरुवात केली. ‘इंदिरा बी.ए.’ चा १९३४ साली ‘इंदिरा एम.ए.’ झाला. पाच वर्षांत नायिकेची पदवीही वाढली. वडिलांनी निवडलेला मुलगा नाकारून आपल्या मनाने लग्न करणारी आणि त्याची किंमत मोजणारी शिकलेली मुलगी, असा त्याचा विषय होता. १९३५ मध्ये ‘अनारकली’ पुन्हा आली, यावेळी बोलकी. १९३६ मध्ये ‘मुंबई नी बिलाडी’ची ‘बंबई की बिल्ली’ झाली. मुके असताना जे जे गाजले, ते ते त्यांनी बोलून दाखवले. मूकपटातल्या नायिकेला बोलपट झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते आणि ते तिकीटबारीवर दिलेले होते.

या वर्षांत त्यांचे नायक असत दिनशा बिलिमोरिया. १९३३ पासून १९३९ पर्यंत दोघे एकत्रच काम करीत. पडद्याबाहेरही त्यांच्या प्रेमाची चर्चा होई आणि लोक ती चवीने करीत. १९३५ च्या मॉडेलची शेव्हरोले सुलोचनाबाईंकडे होती. मुंबईच्या रस्त्यावर ती दिसली की माणसे थांबून बघत. त्यांनी ‘रूबी पिक्स’ नावाने स्वतःची निर्मितीसंस्थाही काढली. आपल्या नावावर आपली कंपनी असावी असे त्या काळच्या फार थोड्या नट्यांच्या मनात आले असेल.

चौथे दशक संपता संपता हे सगळे ओसरले. बिलिमोरियांबरोबरचे नाते संपले. इंपीरियल कंपनी १९३८ मध्ये बंद पडली. नव्या नायिका आल्या, गाणाऱ्या आल्या, पार्श्वगायन सुरू झाले. सुलोचनाबाईंना मुख्य भूमिका मिळेनाशा झाल्या. तेव्हा त्या जेमतेम बत्तीस वर्षांच्या होत्या. आजच्या हिशेबात हे नायिकेचे ऐन वय. त्यांच्यासाठी मात्र ती निवृत्ती ठरू लागली होती.

इथून पुढचा काळ सांगताना लोक बहुधा हळहळतात. एके काळची राणी, नंतर दुय्यम भूमिका, वगैरे. मला हा काळही त्यांच्या कर्तबगारीचाच वाटतो. त्यांनी काम सोडले नाही. मिळेल ती भूमिका घेतली, आई, आत्या, वहिनी, राणीसाहेब. दिलीपकुमार आणि नूरजहाँ यांच्या १९४७ च्या ‘जुगनू’मध्ये त्या होत्या. त्यानंतरही कितीतरी वर्षे छोट्या भूमिकांतून त्या पडद्यावर येत राहिल्या. पगाराचा आकडा उतरला म्हणून कामावर जाणे थांबवायचे नाही, हे धोरण नोकरी करणाऱ्या कुठल्याही माणसाला समजण्यासारखे आहे. पडद्यावरच्या माणसाला मात्र ते फार जड जाते, कारण त्याचे उतरणे हजारो लोक बघत असतात.

यातला सर्वांत बोलका प्रसंग १९५३ चा. नंदलाल जसवंतलाल यांनी ‘अनारकली’ काढला. अनारकली झाल्या बीना राय, सलीम प्रदीपकुमार, आणि संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे. ती गाणी आपल्या रेडिओवर किती वर्षे वाजली हे सांगायला नको. या चित्रपटात सलीमच्या आईची, जोधाबाईची भूमिका सुलोचनाबाईंनी केली. १९२८ ची अनारकली त्याच, १९३५ ची अनारकली त्याच. आता तिसऱ्या वेळी त्या सलीमच्या आई झाल्या होत्या. दिग्दर्शकही ओळखीचा, ‘इंदिरा एम.ए.’ करणारा. ज्या कथेची नायिका आपण होतो, त्याच कथेत बाजूला उभे राहून दुसरीला अनारकली होताना पाहायचे आणि आपले काम नीट करायचे. आजही हा चित्रपट सहज पाहायला मिळतो. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा जोधाबाईंकडे जरा लक्ष द्या. चेहऱ्याने बोलण्याची मूकपटातली सवय जिने अंगी बाणवली होती, ती ही बाई.

१९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. पहिला देविकाराणींना मिळाला होता, म्हणजे सुलोचनाबाई या पुरस्कारातल्या दुसऱ्या बाई. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान सिनेमात यायला आधी नकार दिलेल्या एका मुलीला मिळाला. दहा वर्षांनी, १० ऑक्टोबर १९८३ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. १९८३ सालचा फाळके पुरस्कार दुर्गाबाई खोटे यांना होता. २०१३ साली भारतीय सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने पन्नास कलावंतांची तिकिटे काढली. त्यांत भालजी पेंढारकर, दुर्गाबाई, स्मिता पाटील यांच्याबरोबर रूबी मायर्स यांचेही तिकीट आहे. तिथे छापले आहे ते त्यांचे मूळचे नाव.

आता शेवटची आणि खरी दुःखाची गोष्ट. ज्या मूकपटांनी सुलोचनाबाईंना मोठे केले, ते आज बघायला मिळत नाहीत. ‘टायपिस्ट गर्ल’ नाही, ‘मुंबई नी बिलाडी’ नाही, १९२८ ची ‘अनारकली’ नाही. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांतले फार थोडे, तेही बरेचसे तुकड्यांत, शिल्लक आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. दमट हवेत ती खराब होई. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत राहिली नाही. जागा अडते म्हणून रिळे टाकून दिली गेली, फिल्मवरची चांदी काढण्यासाठी ती विकलीही गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, पुण्यात. म्हणजे रूबी मायर्स ज्या गावात जन्मल्या, त्याच गावात देशाचा सिनेमा जपून ठेवण्याची जागा झाली. पण तोवर त्यांचे बहुतेक काम नाहीसे झाले होते. आठ भूमिका करणारी ती मुलगी, तो पोलीस, तो हैदराबादी गृहस्थ आता फक्त जुन्या जाहिरातींत आणि छापील वर्णनांत उरले आहेत.

सरकारी कचेरीत काम करताना एक गोष्ट रोज दिसते. कागद सापडला तर माणसाचा हक्क सापडतो, कागद गेला की माणूस खरा असून खोटा ठरतो. कलावंताचेही तसेच. सुलोचनाबाईंचे मोठेपण आज आपण ऐकीव गोष्टीवर मानतो. त्यांच्या वाट्याला आलेल्या टाळ्यांचा पुरावा म्हणावा असे पडद्यावरचे काही उरले नाही.

म्हणून एक विनंती. आपली कुटुंबे इथे तीन-चार पिढ्यांपासून आहेत. आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकांत, आजोबांच्या पेटीत अजून नाटक-सिनेमाची हस्तपत्रके, गाण्यांच्या चोपड्या, जुनी मासिके, थिएटरच्या तिकिटांचे तुकडे, कुणी जपलेले नटनट्यांचे फोटो असू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातात. यंदा तसे होऊ देऊ नका. पिवळ्या पडलेल्या कागदावर ‘मिस सुलोचना’ असे दिसले तर तो कागद वेगळा काढा, साध्या पाकिटात कोरड्या जागी ठेवा आणि आपल्या मंडळाला कळवा. पुण्याचे संग्रहालय असे साहित्य जमवते. तिथपर्यंत ते पोचवण्याचे काम मंडळाने हाती घेतले, तर या गणेशोत्सवाच्या निमित्ताने पहिल्या सुलोचनेची एक तरी नोंद आपल्या हातून वाचेल.